रुमालाखालचा सौदा

माणिकमामा जिथे जातील तिथे अंगावर पाणी सांडायचे. हातात तांब्या कायम. चहाला बसले, की उठताना तांब्या कलंडलाच. "हात थरथरायलाय बाबा," म्हणायचे आणि ओल्या धोतराने चालू लागायचे. मला ते पटत नसे. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून, नुसती बोटं दाबून सौदा ठरतो. तिथे मामांचं बोट कधी थरथरलं नाही.

मी बैलांचा व्यापार शून्यातून उभा केला. कुणाचे उपकार नाहीत. फक्त रुमालाखालची बोटं मामांनी शिकवली. म्हणून थोरल्या लेकीच्या लग्नात पंगतीचा पहिला पाट त्यांचा ठेवला. हे महाशय मांडवाबाहेर कडब्याच्या गंजीशी उभे राहिले, तांब्या सांडला आणि न जेवता निघून गेले. भर पंगतीत पाट रिकामा. दोन वर्षं मी बोललो नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

खरं काय ते मामींनी सांगितलं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मामांना लघवी धरवत नव्हती. खोकला आला, हसू आलं, नुसतं उठलं तरी पुरे. धोतर ओलं दिसायच्या आत तांब्या सांडायचा.

मी तडक गेलो. "हैदराबादला चला."

"तिथं काय दावं बांधणार हायत?"

"बांधलं तर बांधलं. चला."

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली होती, एसट्या बंद होत्या. पूर्णेहून रेल्वेने गेलो. मामा तांब्या धरून अख्खी वाट दाराशी उभे.

डॉक्टरांनी तीन उपाय सांगितले. एक, सुईने लघवीच्या नळीभोवती औषध भरून ती आवळायची. पण काही महिन्यांत पुन्हा सैल. दोन, खालून आधार लावून नळी दाबून धरायची. कधी जमतं, कधी लघवीच अडते. तीन, नळीभोवती पाणी भरलेली रबरी कडी, आणि अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप. दाबला की वाट मोकळी, थोड्या वेळाने आपोआप बंद. माल परदेशातून येणार, बिघडला तर पुन्हा चिरफाड.

मामांनी जोडी पारखावी तसं ऐकलं. "पयलं लवकर बसतंय. दुसरं अडेल निघालं तर? तिसऱ्याला दात किती?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "किती वर्षं चालेल, ते विचारायलेत."

"बरीच. पण शब्द देत नाही."

"शब्द देत न्हाई, म्हणजे माणूस खरा हाय," म्हणत मामांनी डॉक्टरांच्या हातावर रुमाल टाकला. मी तो ओढून घेतला. "मामा, इथं घासाघीस चालत न्हाई." मी सकाळीच करून पाहिली होती.

तिसरं ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मामांना खाटेवरून न्यायला आले. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आमच्या दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. मी बोटांची वाट बघू लागलो. एकही बोट दाबलं नाही. माझा पंजाच धरून ठेवला.

"धाकटीच्या लग्नात पाट ठेव," ते हळूच म्हणाले.

"ठेवतो. या वेळी रिकामा राहिला तर बघा."

त्यांनी हात सोडला नाही. या वेळी तो खरंच थरथरत होता.