भरलेली बॅटरी

तन्मयचं लग्न एका बॅटरीपाशी येऊन अडलं होतं.

म्हणजे बाकी सगळं जुळलं होतं हो. मुलगा मांजलपूरचा, मुलगी समा भागातली, दोन्ही घरं बडोद्यातली जुनी मराठी, दोघांनाही नोकऱ्या. पोहे झाले, बडोदेकरी थाटात "अजून थोडे घ्या ने" झालं, आणि मोठी माणसं तारखेकडे वळणार एवढ्यात मुलगी, म्हणजे मनाली, शांतपणे म्हणाली, "आम्ही दोघं आधी एक कॉलनी चालवून बघतो. हिवाळा पार पडला तर माझा होकार."

"कॉलनी? मांजलपुरात की समाला?" तन्मयच्या आईने, नलिनीबाईंनी, विचारलं.

कॉलनी कॉम्प्युटरवर होती. बर्फाळ ग्रहावर दहा-बारा चिमुकली माणसं राहतात, त्यांना जेवू घालायचं, ऊब द्यायची, जिवंत ठेवायचं. दोघांनी आपापल्या घरून एकाच वेळी तीच वसाहत सांभाळायची. विजेला एक पवनचक्की, एक कोळशाचा जनरेटर आणि एक मोठी बॅटरी. वीज कमी पडली तर आधी कुणाला द्यायची, हे ठरवायला प्रत्येक खोलीवर एक ते नऊ असा आकडा टाकायचा. नऊवाल्याला सगळ्यात आधी.

मोठ्यांना ही कल्पना पसंत पडली, कारण तिच्यात मुलांना घराबाहेर पडावं लागत नव्हतं. साखरपुडा होईपर्यंत एकत्र फिरायचं नाही असं तन्मयच्या वडिलांनी आणि मनालीच्या आईने एकमताने ठरवलं होतं. बडोद्यातली मराठी माणसं मोजकी, कमाटीबागेत कुणी शिंकलं तर दांडिया बाजारात "गॉड ब्लेस यू" म्हणतात. तेव्हा तन्मयचा कॉम्प्युटर दिवाणखान्यात आला आणि त्याच्यामागे सोफ्यावर त्याचे वडील, जयवंतराव, आले.

जयवंतराव बाजव्याकडच्या रिफायनरीत, वीजघरात, शिफ्ट इन्चार्ज म्हणून रिटायर झाले होते. आयुष्यभर त्यांनी एकच धर्म पाळला. राखीव ते राखीव. घरी इन्व्हर्टर होता, पण लाइट गेली की जयवंतराव धावत जाऊन आधी पंखा बंद करत. "अगं, बॅटरी उतरेल ने!" मग सगळं कुटुंब घामाघूम होऊन अंधारात बसे आणि इन्व्हर्टरचा हिरवा दिवा मात्र छान चमकत असे.

रविवारी दुपारी वसाहतीत हिवाळा आला आणि नेमकं तेव्हाच तन्मयला ऑफिसातून बोलावणं आलं.

"पप्पा, मला जावंच लागेल. तुम्ही फक्त बसून राहा. बॅटरी फार उतरली की जनरेटर आपोआप चालू होतो. कशाला हात लावू नका."

"मला शिकवतोस? मी वीजघर चालवलंय!"

"म्हणूनच सांगतोय. आणि मी नाहीये हे मनालीला कळू देऊ नका. तिने काही लिहिलं तर माझ्या नावाने उत्तर द्या. पण थोडक्यात, प्लीज."

तो गेला आणि जयवंतराव खुर्चीत बसले. पहिली पाच मिनिटं त्यांनी खरोखरच कशाला हात लावला नाही. मग वादळ सुटलं, पवनचक्की गोठली आणि बॅटरीची हिरवी पट्टी किंचित, अगदी किंचित, आखडली.

"नलिनी, हे बघ! बॅटरी खातायत!"

"त्यासाठीच असते ने ती?" नलिनीबाई शेंगा सोलत म्हणाल्या.

"बॅटरी इमर्जन्सीसाठी असते!"

"मग वादळ म्हणजे काय हळदीकुंकू आहे?"

असल्या प्रश्नांना उत्तर न देण्याची जयवंतरावांची जुनी सवय होती. त्यांनी माउस हातात घेतला आणि लोड कमी करायला सुरुवात केली. करमणुकीची खोली बंद. भाज्या उगवायचे दिवे बंद. स्वयंपाकघर नऊवरून एकवर. जनरेटर हातानेच चालू, आणि सगळ्या माणसांना कोळसा वाहायला जुंपलं. बॅटरीची पट्टी पुन्हा भरू लागली तसा त्यांचा चेहरा उजळला.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात मनालीच्या नावाने ओळ उमटली: "स्वयंपाकघर कुणी बंद केलं? माणसं उपाशी आहेत."

जयवंतरावांनी एका बोटाने टाइप केलं: "लोड कमी करणे आवश्यक होते. सहकार्य करावे."

"आधी जेवण, मग बाकीचं. एवढीही शिस्त नाही?" आणि स्वयंपाकघर परत नऊवर गेलं.

"फार टेचात बोलते हो मुलगी," जयवंतराव म्हणाले. "जशी काही हेडमास्तरीणच!"

त्यांनी स्वयंपाकघर एकवर आणलं. तिने नऊ केलं. यांनी एक केलं. बिचारी गेममधली स्वयंपाकीण, चूल पेटली की भांडं ठेवायची, चूल विझली की उचलायची. नलिनीबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांना त्या बाईचं फारच वाईट वाटायला लागलं.

मग पलीकडून झोपायच्या खोल्यांतले सगळे हीटर नऊवर गेले. खाली ओळ आली: "लेकरं काकडतायत. बॅटरी काय पुजायला ठेवली आहे?"

"उधळी आहे ही!" जयवंतराव कडाडले. "लग्न होऊन आली तर महिन्याभरात एसी लावेल या घरात!"

"लावू दे की," नलिनीबाई म्हणाल्या. "मीसुद्धा बसेन तिच्या खोलीत."

"तू गप्प बस. मी आता कायमचाच बंदोबस्त करतो."

बंदोबस्त असा, की त्यांनी बॅटरीपासून वसाहतीकडे जाणारी तारच काढून टाकली. आता बॅटरी फक्त भरणार होती. तिच्यातून एक थेंबही बाहेर जाणार नव्हता. जनरेटर धडधडत बॅटरीला वीज पाजत होता, माणसं बर्फातून कोळसा आणून जनरेटरला भरवत होती, आणि त्या माणसांना भरवणारं कुणी नव्हतं. तीस वर्षांत साधलं नाही ते आज साधलं, असं समाधान जयवंतरावांच्या तोंडावर होतं.

"अहो, ती स्वयंपाकीण पडली," नलिनीबाई म्हणाल्या.

"उठेल. बॅटरी बघ, फुल झाली!"

"दुसराही पडला. अहो, जोडा ती तार! अशी कशी हो माणसं मारता तुम्ही?"

आता जयवंतरावही थोडे चपापले. त्यांनी तार शोधली, पण ती जोडायला माणूस लागत होता आणि उभा असलेला माणूस एकही नव्हता. स्क्रीन काळी झाली. तिच्यावर पाटी आली: "वसाहत संपली. जिवंत: कुणी नाही. बॅटरी: पूर्ण."

नलिनीबाईंचे डोळे भरून आले. "गेलं माझ्या पोराचं लग्न," त्या म्हणाल्या.

"बरं झालं गेलं! ही हट्टी मुलगी आपल्याला नकोच. मीच कळवतो त्यांना." जयवंतरावांनी फोन उचलला, तर तो हातातच वाजला. मनालीची आई, अहल्याबाई. नलिनीबाईंनी पुढे होऊन स्पीकर लावला.

"जयवंतराव, मी स्पष्टच बोलते," अहल्याबाई म्हणाल्या. त्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या आणि स्पष्टच बोलत असत. "तुमच्या मुलाला आमची मुलगी देता येणार नाही. दुपारभर बघितलंय मी त्याला. हेकट, चिकट! माणसं मेली तरी चालतील, पण बॅटरी भरलेली पाहिजे!"

"तोंड सांभाळून बोला! तन्मय नव्हताच इथे. तो ऑफिसात गेलाय. मी होतो!"

पलीकडे अहल्याबाईंची खुर्ची करकरली.

"तुम्ही?"

"हो, मी! आणि तुमच्या मुलीनेच सगळा घोळ घातला. मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?"

"मनाली घरात नाहीये," अहल्याबाईंचा आवाज जरा खाली आला. "मैत्रिणीकडे गेलीय. मला म्हणाली, आई, तू बस, पण तन्मयला कळू देऊ नकोस. ते सगळं मी लिहिलं."

हिशेब आधी लागला तो नलिनीबाईंना. त्यांनी आपल्या मोबाइलवरून तन्मयला फोन लावला आणि तोही स्पीकरवर टाकला. त्याच्या मागून कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीची शिट्टी आली, आणि तिच्याहून मोठं, मनालीचं हसणं.

"ऑफिस छान आहे रे," नलिनीबाई म्हणाल्या.

तन्मयची बोबडी वळली. "आई... ते... सॉरी. आमचं कधीच ठरलंय ग. तुम्ही लोक भेटू देईनात, म्हणून पप्पांना आणि मनालीच्या आईला गेमवर बसवलं. कॉलनी कशी आहे?"

"गेली. सगळी माणसं मेली."

"जाऊ दे ने. नवी काढू."

जयवंतराव मटकन सोफ्यावर बसले. नकार द्यायचा तर आता कुणाला द्यायचा, हेच त्यांना कळेना. मुलीचे जे जे दोष त्यांनी दुपारभर मोजले होते, ते सगळे विहीणबाईंचे निघाले होते. पलीकडे अहल्याबाईंचंही तेच झालं असावं, कारण त्या आता बऱ्याच मऊ आवाजात बोलल्या.

"म्हणजे मुलगा चांगला आहे तर. मग आमची काही हरकत नाही. तारीख काढा तुम्ही." आणि मग, राहवलंच नाही म्हणून, "पण नलिनीताई, खरं सांगा, या माणसाला तुम्ही होकार तरी कसा दिलात हो?"

नलिनीबाईंनी सोफ्यावरच्या नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"आमच्या वेळी असला गेम कुठे होता, अहल्याताई?" त्या म्हणाल्या. "नुसती पत्रिका बघितली. छत्तीसपैकी चौतीस गुण जुळले होते."