शंभर टक्क्यांचं दार

"ही एवढी एक ओळ नडतेय!" मॅनेजर स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले. "चाचणीचा अहवाल नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलाय, आणि गिऱ्हाईक यायची वेळ झाली!"

कंपनी स्वयंचलित स्वच्छतागृहाच्या दाराची चिप बनवत होती. हार्डवेअरच्या भाषेत डिझाइन लिहिलं होतं नव्या इंजिनियरबाईंनी. दाराच्या अवस्था चार: रिकामं, कुलूपबंद, धुलाई, उघडं. शेवटी ती ओळ: यांपैकी कुठलीच अवस्था नसेल, तर दार उघडा. प्रत्येक ओळ चाचणीत एकदा तरी चालली, तरच अहवाल शंभर टक्के. चाचणीत काही बिघडलंच नाही, म्हणून ती ओळ कधी चाललीच नाही, आणि अहवालात लाल दिसत राहिली.

"सर, ती अडीअडचणीसाठी आहे."

"अगं, जी काडीचं काम करत नाही, तिला पोसायचं कशाला? काढून टाक. शंभर झाले की तुझी नोकरी पक्की. नाही झाले तर... बघ बाई."

नोकरी कच्ची असली की तत्त्वं परवडत नाहीत. तिने ओळ काढली. शंभर टक्के! मॅनेजर असे हरखले, की एकदा खात्री करायला स्वतःच नमुन्याच्या स्वच्छतागृहात शिरले. दार बंद झालं. नेमकं तेव्हाच सफाईच्या मावशींनी शेजारच्या प्लगात फरशी घासायचं यंत्र लावलं. चर्रर्र झालं, दिवे लुकलुकले आणि चिप भलत्याच पाचव्या अवस्थेत गेली. तिथून परतायची वाट नुकतीच पुसली होती.

"अगं, उघड ना!"

"उघडत नाहीये, सर."

"मग वीज घालव!"

"वीज गेली तरी दार उघडू नये म्हणून तुम्हीच बॅटरी बसवायला लावलीत."

तेवढ्यात गिऱ्हाईक हजर. "आत कोण आहे?"

"आमचे मॅनेजर. जातीने चाचणी घेतायत."

"वा! पण आत कुणी अडकलं तर?"

"अशी वेळ येतच नाही, साहेब!" आतून ताबडतोब उत्तर आलं. "शंभर टक्के!"

"छान. आम्ही तोवर अहवाल चाळतो," म्हणत साहेब पलीकडच्या खोलीत गेले.

बाईंनी घाईघाईने लॅपटॉपची वायर दाराबाहेरच्या चिपला जोडली. "सर, ती ओळ परत घालून डिझाइन पुन्हा चढवते. लगेच उघडेल. घालू?"

"घाल, घाल! विचारतेस काय?"

"पण मग अहवाल परत नव्व्याण्णव होईल. आणि माझी नोकरी..."

 दाराच्या फटीतून दबका आवाज आला.

"नोकरी पक्की तुझी. पण आधी साहेबांची शंभर टक्क्यांवर सही होऊ दे. मी बसतो तोवर."