न्हाणीघरातली तुती

दातांचे डॉक्टर निवृत्त झाले, त्याच आठवड्यात दवाखान्याच्या खिडकीसमोरचं तुतीचं झाड तोडायला माणसं आली. घरमालकाला तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. डॉक्टर उरलेली खोकी आणायला म्हणून गेले आणि खोकी तिथेच ठेवून दंडाएवढी जाड फांदी घेऊन घरी आले. इतकी वर्षं पेशंटांनी आ वासून याच झाडाकडे बघत कळा सोसल्या, त्याला असं जाऊ देणं बरं दिसत नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं. फांदीला मुळं फोडायची आणि तिचं बोन्साय करायचं. जाड फांदी घेतली की म्हातारा बुंधा आयता मिळतो, वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही.

"आयुष्यभर लोकांची मुळं उपटली," ते म्हणाले. "आता एक तरी रुजवून बघतो."

बायको शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे सगळं गाव तिला बाईच म्हणायचं. बाईंनी फांदीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि जुना टब काढून दिला. दवाखाना बंद झाल्यापासून हा माणूस जेवणाच्या टेबलाशी बसून चमचे लहान-मोठे असे लावत बसायचा. त्यापेक्षा फांदी परवडली.

डॉक्टरांनी फांदीचा काप दाढ घासावी तसा गुळगुळीत केला, त्याला मुळं फुटायची पावडर लावली आणि वाळू-भुशाने भरलेल्या टबात फांदी रोवली. ती हलू नये म्हणून दातांना बांधायच्या तारेने टबाला आवळली. वरून मोठी प्लॅस्टिकची पिशवी घातली. आता हिला ऊब हवी, दमट हवा हवी आणि वारा अजिबात नको. अशी जागा घरात एकच होती.

अशा रीतीने न्हाणीघर फांदीकडे गेलं. नवरा-बायको मागच्या मोरीत बादली घेऊन आंघोळ करू लागले. न्हाणीघरातलं कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालं की फरशी थरथरायची, म्हणून तेही बंद झालं आणि धुणं हातावर आलं. डॉक्टरांची थोरली बहीण राहायला यायची होती. तिला बाईंनी जरा पुढे ढकलायला सांगितलं आणि खरं कारण सांगून टाकण्याची चूक केली. भावाच्या घरात आपल्यापेक्षा लाकडाला मान आहे हे कळलं, ते बरं झालं, असं म्हणून वन्संनी फोन ठेवला.

पण फांदीला पानं फुटली. आधी हिरवे ठिपके आले, मग पिशवीच्या आत पोपटी पानांची गर्दीच झाली. डॉक्टर पुन्हा रोज दाढी करू लागले. रस्त्यात भेटेल त्याला थांबवून पानांची हकिगत सांगू लागले. बोन्साय मंडळाच्या अध्यक्षांनाही त्यांनी फोन केला. हे अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी सवडीने येऊन बघतो म्हणून सांगितलं.

मधेच न्हाणीघराची जाळी तुंबली. टबातली वाळू वाहून आत गेली होती. डॉक्टर दारात कुणाला तरी पानांबद्दल सांगत उभे होते, म्हणून बाईच टब सरकवायला गेल्या. आधाराला फांदी धरली, तर तार निसटली आणि फांदी छत्रीसारखी हातात आली. खालचा काप लावला तसाच गुळगुळीत होता. केसाएवढंही मूळ नव्हतं.

बाहेरून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज आला. बाईंनी फांदी परत खोचली, तार आवळली, वाळू थापून सारखी केली आणि जाळी साफ करून त्या बाहेर आल्या. त्या दिवसापासून न्हाणीघराच्या दाराला कडी लागली. पाणी मीच फवारते, तुमच्या हाताला अंदाज नाही, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं. डॉक्टर वाद घालतील असं त्यांना वाटलं होतं, पण ते लगेच बरं म्हणाले. त्याचं बाईंना तेव्हा नवल वाटलं नाही.

न्यायाधीशांची भेट टाळण्यासाठी बाईंनी आधी डॉक्टरांना सर्दी झाल्याचं कळवलं, मग स्वतःला. तिसरं दुखणं शोधण्याआधीच ते एका सकाळी दारात हजर झाले. मोजे काढून न्हाणीघरात शिरले, पिशवी उचलली, पानं निरखली आणि फांदीकडे हात नेत म्हणाले, "जरा हलवून बघू. पुरावा तपासलेला बरा."

"राहू द्या," डॉक्टर आणि बाई एका सुरात म्हणाले. दोघांचेही हात एकदमच फांदीपुढे आडवे आले होते.

न्यायाधीशांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांचा सगळा जन्म साक्षीदारांचे चेहरे वाचण्यात गेला होता. त्यांनी हात मागे घेतला, शांतपणे चहा घेतला आणि निघताना मोजे चढवत म्हणाले, "जाड लाकडात साठा असतो, डॉक्टर. मुळं नसली तरी त्याच्यावर पानं येतात. साठा संपला की गळतात. वहिनींना हे माहीत असावं असं दिसतं. तुम्हालाही."

ते गेल्यावर बाईंनी कपबशा गोळा करून विसळल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" बाईंनी शेवटी विचारलं.

न्यायाधीशांना फोन केला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून, डॉक्टरांनी सांगितलं. दातांच्या डॉक्टरच्या समोर काही उभं असलं की हलवून बघितल्याशिवाय राहवत नाही. पण बाई मोरीत आंघोळ करत होत्या, धुणं हाताने धूत होत्या, वन्संचा राग ओढवून बसल्या होत्या. त्यांनी फांदीवर एवढा जीव लावलेला, तिला मुळं नाहीत हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

"मी?" बाई म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी गप्प होते."

डॉक्टर आधी ओशाळले, मग हसायला लागले. बाईंनाही हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र दोघांनाही थोडं रिकामं वाटलं. इतके दिवस एकमेकांना जपण्यात किती वेळ जायचा, हे आता लक्षात येत होतं.

"चला," बाई पदर खोचत म्हणाल्या. "न्हाणीघर मोकळं करू."

डॉक्टरांनी तार सोडली आणि फांदी वर ओढली. ती आली नाही. त्यांनी पकड बदलून पुन्हा अगदी सावकाश ओढली. फांदीबरोबर आख्खा टब फरशीवरून उचलला गेला. त्यांनी तो हळूच खाली टेकवला आणि वाळूत बोट घातलं. बोटाला काहीतरी मऊ, दोऱ्यासारखं लागलं. मग आणखी एक. दोघांनीही एकमेकांच्या भीतीने फांदीला हात लावायचं सोडलं होतं, तेवढ्या निवांतपणात तिने आपलं काम उरकलं होतं.

डॉक्टर फरशीवरच बसून राहिले. बोट बाहेर काढायलाही ते कचरत होते. बाई त्यांच्या शेजारी टेकल्या आणि पिशवीच्या कडा पुन्हा नीट खोचू लागल्या.

"एवढ्यात न्यायाधीशांना सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या. "हलवून बघायला येतील."