झाकण क्रमांक तेवीस

कोणतीही संस्था माणसांवर चालते, आणि माणसं नसली तर उत्साहावर चालते. आमच्या संस्थेत माणसं नव्हती. त्यामुळे सगळी भिस्त उत्साहावर आली, आणि ती आम्ही कशी निभावली याचा हा अहवाल आहे. लहानसं संकेतस्थळ चालवणाऱ्या, आणि दुपारी तीनच्या सुमारास ‘आपण हे कशाला करतोय?’ असा प्रश्न पडणाऱ्या सर्वांना तो मार्गदर्शक ठरावा. (आम्हाला हा प्रश्न साडेतीनला पडत असे. तीनला आम्ही झोपलेलो असायचो.)

आधी पूर्वपीठिका. चौतीस वर्षं नोंदी ठेवण्याच्या खात्यात काम करून मी निवृत्त झालो आणि पहिले चार महिने घरातल्या घरात बरीच उपयुक्त कामं उरकली. चपलांचा क्रम लावला. पडद्यांच्या कड्या मोजल्या. मग स्वयंपाकघरात शिरून प्रत्येक डब्यावर आणि प्रत्येक झाकणावर क्रमांकाची चिठ्ठी डकवली आणि नोंदवही उघडली. डबे बावीस निघाले. झाकणं तेवीस. नोकरीत माझ्या वहीत कधी एकाचाही फरक आला नव्हता, आणि घरात आला.

तेविसावं झाकण पत्र्याचं होतं. गोल, हिरवट, मधोमध पांढरं फूल. मी बायकोकडे लेखी खुलासा मागितला. तो तिने तोंडी दिला: कधीतरी कुणाकडे तरी काहीतरी त्या डब्यातून दिलं होतं, वर ताटली ठेवून, म्हणून झाकण घरी राहिलं. डबा काही परत आला नाही. कुणाकडे दिला ते आता आठवत नाही. तिच्या माहेरून आलेला डबा होता, त्यामुळे जरा हळहळली. मग म्हणाली, जाऊ दे, एक झाकण ते काय मेलं.

मला जाऊ देता येईना. मी साधा हिशेब मांडला. आमच्या एका घरात एक झाकण बिनडब्याचं असेल, तर लाख घरांत लाख झाकणं बिनडब्याची, आणि म्हणजेच कुठेतरी लाख डबे उघडे पडलेले. एवढा मोठा प्रश्न जगात आहे आणि त्यावर एकही संकेतस्थळ नाही, हे पाहून मी हबकलो. माझा मेहुणा संगणक दुरुस्त करतो. त्याने एका रविवारी ‘झाकणशोध’ उभं करून दिलं. ज्याच्याकडे झाकण आहे त्याने फोटो टाकायचा, ज्याच्याकडे डबा आहे त्याने तो ओळखायचा, इतकं ते सोपं होतं. पहिला फोटो अर्थातच झाकण क्रमांक तेवीसचा.

प्रतिसाद थक्क करणारा होता. दोन महिन्यांत अडतीस सभासद झाले. त्यांची वर्गवारी अशी: नातेवाईक एकोणीस, संकेतशब्द विसरलेले अकरा, इथे झाकणं विकत मिळतात अशा समजुतीने आलेले सात, आणि एक गृहस्थ, ज्यांनी आपल्याकडे झाकणही नाही, डबाही नाही, पण कुठेतरी सभासद असावं असं फार दिवस मनात होतं, असं प्रांजळपणे कळवलं. त्यानंतर सभासद संख्या स्थिर झाली. (आकडा वाढेनासा झाला की त्याला ‘स्थिर झाला’ म्हणावं. माझ्या खात्यात या शब्दावर तीन साहेब बढती घेऊन गेले.)

आणि मग माझा उत्साह बसला. सकाळी उठून संकेतस्थळ उघडायचं, तेवीस नंबरच्या फुलाकडे पाहायचं आणि बंद करायचं. कुणी काही लिहीत नाही. लिहायला जागा आहे, जागेवर ‘इथे लिहा’ असं लिहिलंय, तरी नाही. अशा वेळी सामान्य माणूस हात टेकतो. मी समिती नेमली.

समितीत दोघे होते. एक आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर. माणूस शिस्तीचा, घरातली चटणीची बरणीसुद्धा सीलबंद करून ठेवेल असा. दुसरा कोपऱ्यावरचा शिंपी. त्याला घेतलं कारण चार ते सहा त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं आणि दोन स्टुलं असतात. अध्यक्ष मी. बैठक रोज. विषय एकच: उत्साह.

पोस्टमास्तरांनी आठवड्याभरात नियमावली तयार केली. ती इतकी निर्दोष होती की तिच्यात मला एक स्वल्पविरामही घालता आला नाही. प्रत्येक पदाधिकाऱ्याने सकाळी उत्साहपत्रक भरून द्यावं. उत्साह दहापैकी चारच्या खाली गेल्यास लेखी कारण द्यावं. किरकोळ निरुत्साह वर्षाला बारा दिवस. वैद्यकीय निरुत्साहासाठी डॉक्टरांचा दाखला लागेल. अर्जित निरुत्साह साठवता येईल, पण सलग वापरता येणार नाही, कारण सलग निरुत्साह म्हणजे स्वभाव समजला जाईल.

पत्रकात माणूस काहीही लिहील, अशी शंका शिंप्याने काढली. तो मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. उत्साही माणसाची छाती फुगते, या सर्वमान्य तत्त्वावर त्याने रोज चार वाजता आमच्या छातीची मापं घ्यायला सुरुवात केली. पोस्टमास्तर एकोणचाळीस भरायचे. मी साडेपस्तीस, आणि श्वास धरला तर छत्तीस. शिंप्याने माझ्या नावापुढे ‘पुढे वाढ होईल’ असं लिहून दोन इंच राखून ठेवले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

रोज एका ठरावावर गुप्त मतदान होई. मतपेटी पोस्टमास्तर घरून आणत. पेटी म्हणजे गोल आकाराची एक वस्तू, सगळीकडून खाकी कागदात गुंडाळलेली, वर दोरा, दोऱ्यावर लाख, आणि चिठ्ठी टाकायला एक चीर. इतकी चोख गुंडाळलेली की आत नेमकं काय आहे हे त्या वस्तूलाही आठवत नसावं. त्या पेटीभोवती आम्ही पाचशे अकरा बैठका घेतल्या आणि एकदाही एका मताचा घोळ झाला नाही.

याचे परिणाम दिसू लागले. संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली हे दाखवणारा आकडा मेहुण्याने खाली कोपऱ्यात बसवला होता. तो वाढू लागला. वाढतोय हे पाहून आमचा उत्साह वाढला. उत्साह वाढल्यामुळे आम्ही तो आकडा वरचेवर पाहू लागलो. आणि काय सांगू, जितका वरचेवर पाहावा तितका तो वाढलेला असे! एका महिन्यात दोन हजार एकशे नव्वद भेटी. पोस्टमास्तर चाळिसावर गेले. शिंप्याला नवी टेप आणावी लागली.

मग एक दिवस मेहुणा चहाला आला आणि त्याला नको ते पाहायची सवय आहे. त्याने भेटींचा तपशील काढला. आम्ही आकडा पाहायला संकेतस्थळ उघडायचो, तीही भेटच धरली जात होती. एकूण भेटी दोन हजार एकशे नव्वद. पैकी मी एक हजार चाळीस, पोस्टमास्तर नऊशे, शिंपी दोनशे वीस (त्याचा एक हात सतत कात्रीत असतो). बाकी उरल्या तीस.

पोस्टमास्तर दोन इंचांनी उतरले. पण मी नोंदींचा माणूस, मी बाकीकडे पाहिलं. तीस भेटी, तीस दिवस, रोज एक, रोज चार वाजून दहा मिनिटांनी, एकाच संगणकावरून. म्हणजे या जगात एक माणूस असा होता, जो रोज न चुकता आमच्याकडे येत होता, तेवीस नंबरचं झाकण पाहत होता आणि एक शब्दही न बोलता निघून जात होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. त्याची ओळख शोधून त्याला संकोचात टाकू नये, असा ठराव एकमताने झाला. त्याचा उल्लेख इतिवृत्तात यापुढे ‘वाचक’ असा होऊ लागला.

त्या एका वाचकावर आम्ही दीड वर्ष काढलं. त्याच्यासाठी मी दर सोमवारी झाकणांविषयी लेख लिहिला. ‘झाकण घट्ट बसणे: एक विचार’ या लेखाचे तर सात भाग झाले. वाचकाने सातही पाहिले आणि काही म्हणाला नाही. ‘आवडलं’ नाही, ‘नाही आवडलं’ नाही, ‘अहो पुरे करा’ असंही नाही. माणसाला शिवी चालते, पण भिंतीशी किती बोलायचं? माझा अर्जित निरुत्साह संपला, किरकोळ संपला, डॉक्टरांनी दाखला द्यायला नकार दिला. शेवटी मी संकेतस्थळावर जाहीर सूचना लावली: उत्साहाअभावी ‘झाकणशोध’ येत्या तीस तारखेस सायंकाळी सहा वाजता बंद करण्यात येईल.

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी वाचकाने लिहिलं. दोन वर्षांतला पहिला अभिप्राय. तो असा होता: ‘बंद करू नये. निदान चार ते सहा तरी चालू ठेवावे.’

शिंप्याच्या दुकानात त्या दिवशी जे झालं त्याला सोहळा म्हणता येईल. पोस्टमास्तरांनी अभिप्राय तीनदा मोठ्याने वाचला. ‘चार ते सहा’चा अर्थ लावायला उपसमिती नेमली, तिने, वाचकाची ही वाचनाची वेळ असावी, असा निष्कर्ष काढला. तरी एकदा लावलेली सूचना अशीच मागे घेता येत नाही. मतदान व्हायलाच हवं होतं, आणि ते तीस तारखेला ठरलं. मी ‘बंद’च्या बाजूला झुकलेला होतो. एका वाक्यावर माणूस किती दिवस काढणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

तीस तारखेला पोस्टमास्तर हात हलवत आले. मतपेटी घरी राहिली होती. त्यांच्या बायकोने ऐन वेळी हातातून काढून घेतली, म्हणाले, तिला कशासाठी तरी हवी होती. अध्यक्ष या नात्याने पेटी आणायला मी निघालो.

पोस्टमास्तरांचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत टेबलाशी वहिनी बसल्या होत्या आणि शेजारी माझी बायको. समोर संगणकावर ‘झाकणशोध’ उघडं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती. टेबलावर फाडलेला खाकी कागद, दोरा, लाखेचे तुकडे, आणि त्यांच्यामध्ये एक गोल हिरवट डबा, सभोवार पांढरी फुलं. माझ्या देखत बायकोने पिशवीतून झाकण क्रमांक तेवीस काढलं आणि त्यावर ठेवलं. टक् करून बसलं. ‘झाकण घट्ट बसणे’ या विषयावर सात भाग लिहूनही मला तो आवाज माहीत नव्हता.

कुणी दचकलं नाही. वहिनींनी मला बसायला सांगितलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. डबा पहिल्यापासून त्यांच्याकडेच होता. समितीमुळे संकेतस्थळ पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी त्यांनी झाकण ओळखलं आणि त्याच आठवड्यात माझ्या बायकोला सांगितलंही. पण तोवर बैठका सुरू झाल्या होत्या. डबा परत केला असता तर काम फत्ते झालं असतं, आणि काम फत्ते झालं असतं तर समिती घरी आली असती. म्हणून दोघींनी विचार करून डबा तसाच ठेवला, आणि पोस्टमास्तरांना पेटी हवी होती तेव्हा तोच पुढे केला. ते तो गुंडाळणार याची वहिनींना खात्री होती. रोज चार वाजून दहा मिनिटांनी चहा घेता घेता दोघी संकेतस्थळ उघडून पाहत, चालू आहे ना.

“भावजी, दोन वर्षं आम्ही रोज दोन तास निवांत चहा प्यालो,” वहिनी म्हणाल्या. “आता तुम्ही बंदच करताय, तर म्हटलं जिचा डबा तिला द्यावा.”

मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. मी बायकोला विचारलं, माझा इतका त्रास होत होता का.

“त्रास नाही हो,” ती म्हणाली. “पण चमच्यांवर नंबर टाकायला घेतले होते तुम्ही.”

टाकायला घेतले होते, हे खरं होतं. सतरापर्यंत आलो होतो. मी जरा वेळ डब्याकडे पाहिलं. तिच्या माहेरचा डबा होता आणि इतक्या दिवसांनी त्यावर त्याचं झाकण होतं. आता नोंदवहीत तेविसाला तेवीस झाले असते. सहा वाजता संकेतस्थळ बंद, आणि उद्या चार वाजता मी कुठे? बायकोलाही हाच प्रश्न पडला असावा. तिनेच झाकण उचललं, पिशवीत घातलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

मग वहिनींनी कपाटातून नवा खाकी कागद काढला. बायकोने दोरा धरला. मी लाख वितळवली.

दुकानात पोहोचायला मला पंचवीस मिनिटं उशीर झाला. पोस्टमास्तरांनी त्याची नोंद घेतली आणि पेटी निरखून, सील शाबूत असल्याचं जाहीर केलं. शिंप्याने लाखेवर बोट ठेवलं. ती अजून कोमट होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोट लेंग्याला पुसलं आणि म्हणाला, त्याच्या घरी तर मागल्या वर्षापासून रोज विचारतात, बैठक आहे ना. एवढं बोलून त्याने चिठ्ठी टाकली. ‘चालू’च्या बाजूने तीन मतं पडली, विरुद्ध शून्य. माझं माप त्या दिवशी साडेछत्तीस भरलं, श्वास न धरता.

‘झाकणशोध’ आजही चालू आहे. झाकण क्रमांक तेवीसच्या डब्याचा शोध युद्धपातळीवर सुरू आहे. उत्साह टिकवण्याचं गुपित मला अनेकजण विचारतात, त्यांना मी एवढंच सांगतो की ते आपल्यापाशी नसतं, घरच्यांपाशी असतं.

आणि वाचकहो, आता तुमच्याविषयी. हे वाचायला तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. एवढ्या वेळात घरातून कुणी तुम्हाला हाक मारली नाही, काही आणायला पिटाळलं नाही, मध्ये कुणी डोकावलंही नाही. उलट तुम्ही वाचायला बसलात तेव्हा कुणीतरी दिवा लावून दिला, दार हलकेच ओढून घेतलं आणि म्हणालं, “वाचा निवांत, काही घाई नाही.” जरा कान देऊन ऐका. आत चहाचे कप वाजतायत.