वाढत्या चाकांची गाडी

सिद्राम कोळेकरांच्या ट्रकची चाकं पुन्हा वाढली आणि या वेळी ती मडगार्डला घासू लागली.

यात नवल करण्यासारखं काही नाही. आमच्या नाक्यावरच्या सगळ्याच गाड्यांची चाकं ऐन उमेदीत वाढतात. चाक वाढलं की गाडी उचलून घ्यायची. म्हणजे जॅक लावायचा, कमानपाट्यांखाली ठोकळे घालायचे, एखादा पाटा वाढवायचा आणि सगळा सांगाडा वर घ्यायचा, की चाकाला फिरायला जागा होते. नाही उचलली तर चाक घासतं, घासून घासून त्याची वाढ खुंटते, आणि अशी गाडी मग जन्मभर लंगडते. बाहेरगावची माणसं उगाच तोंडात बोटं घालतात. त्यांच्या गाड्यांची निगा कशी असते ते मी काट्यावर रोज बघतो. माझा वजनकाटा दस्तगीर नदाफच्या गॅरेजसमोरच आहे.

सिद्रामअण्णांची अडचण चाकांची नव्हतीच. ती गौराबाईंची होती.

गौराबाई त्यांची बायको आणि गाडीची क्लीनरही. लग्न झाल्यापासून डाव्या अंगाला त्याच बसत. वळणावर हात बाहेर काढून मागच्यांना थोपवायचं, गाडी मागं घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून ओरडायचं आणि घाटाखाली स्टोव्ह पेटवून भाकरी थापायच्या, ही सगळी कामं त्यांची. त्यांच्याशिवाय अण्णांना गाडी चालवता येते की नाही, हे कोणी पाहिलेलं नाही. पण आजवर गाडी जितक्यांदा वर गेली, तितके गौराबाईंचे गुडघे खाली गेले. मागच्या खेपेला आम्ही चौघांनी खालून रेटा दिला तेव्हा कुठं त्या सीटवर पोचल्या होत्या. पायरी आणखी एक जोडता आली असती, पण पायरीला गुडघा वाकावा लागतो, आणि तो आता वाकत नव्हता. या वेळी गाडी उचलली असती तर गौराबाई खालीच राहिल्या असत्या.

म्हणून अण्णांनी गाडी उचललीच नाही. चाकं घासत असताना ते तसेच फिरत राहिले, आणि डावं वळण आलं की टेपचा आवाज वाढवायचे.

गौराबाई काही बहिऱ्या नव्हत्या. गाणं सरळ रस्त्याला हळू आणि वळणावरच का चढतं, हा विचार त्यांनी बरेच दिवस केला. मग एका वळणाच्या मध्यावर हात लांबवून टेप बंद केला. खाली डाव्या चाकाची खरखर चालली होती.

“कवापास्नं?” त्यांनी विचारलं.

“उगं जरासं हाय. मोठं काय न्हाई.”

“माज्यापायी गाडी लंगडी करताय व्हय?”

हे सगळं गौराबाईंनीच माझ्या काट्यावर बसून मला सांगितलं, आणि सांगताना त्या फार चिडल्या होत्या. मला मात्र अण्णांचा राग आला नाही. खरं सांगतो, हेवा वाटला. आमच्या घरात माझ्यासाठी आवाज चढतो, पण तो वेगळा.

त्याच दिवशी गौराबाईंनी गाडी दस्तगीरकडे लावायला लावली. दस्तगीरनं ती नऊ इंच उचलली. चाकं मोकळी झाली, गाडीनं अंग ताणल्यासारखं केलं आणि ती झकास उभी राहिली. अण्णा वर चढून बसले. गौराबाईंनी खालून भाकरीचा डबा वर धरला, अण्णांनी वाकून हात खाली केला, आणि दोघांच्या हातांची गाठ पडेना. डबा मध्येच राहिला. गौराबाई टाचा उंचावून उभ्या होत्या, आणि बघणाऱ्या आम्हाला खाली मान घालावीशी वाटत होती.

अण्णांनी इंजिन बंद केलं. “मग मी बी जात न्हाई,” ते म्हणाले.

दस्तगीर मोजायचा टेप घेऊन पुढं आला आणि त्यानं डब्यापासून अण्णांच्या बोटांपर्यंतचं अंतर मोजलं. मग त्यानं गौराबाईंच्या गुडघ्यांकडे जरा वेळ पाहिलं.

“वैनी, तुमचे गुडघ्याच्या सांध्यातले बुश झिजून गेल्यात. गाडीचा काय दोष न्हाई. ठोकळं शिल्लक हायत माज्याकडं.”

गाडी पास करायला परिवहन खात्याच्या निरीक्षक शेडबाळेबाई आल्याच होत्या. गौराबाईंनाही उचलायची परवानगी दस्तगीरनं त्यांच्याकडेच मागितली.

“माणसाची उंची आमच्या अखत्यारीत येत नाही,” बाई विचार करून म्हणाल्या. “पण या बाई गाडीवर कायम असतात का?”

“लगीन झाल्यापास्नं,” अण्णा वरूनच म्हणाले.

“मग गाडीचा भाग धरायला हरकत नाही. मात्र दोन्ही बाजू सारख्या उचला. एका अंगाला कलायला नकोत.”

बाईमाणसाचं काम, म्हणून ताडपत्रीचा आडोसा केला. दस्तगीरची बायको शकीला आत गेली आणि दस्तगीर बाहेरून ती मागेल तो पाना आत देत राहिला. अण्णा खाली उतरून येरझाऱ्या घालत होते. आतून एकदा गौराबाईंचा ‘अगं हळू’ एवढा आवाज आला, आणि अण्णांनी माझा दंड इतका आवळला की अजून दुखतो.

गौराबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचं लुगडं पोटरीवर आलं होतं. अण्णांना त्यांच्याकडे मान वर करून बघावं लागलं.

“कसं वाटतंय?” त्यांनी विचारलं.

“हवा लागतीय जरा,” गौराबाई म्हणाल्या आणि कोणाचा हात न धरता गाडीत चढल्या.

आता घासण्याची चाचणी राहिली होती. दस्तगीरनं मडगार्डच्या आतून ओला चुना फासला, केबिनच्या छताला फासला, आणि काम चोख म्हणून गौराबाईंच्या उजव्या खांद्यालाही एक बोट लावलं. अण्णांनी स्टिअरिंग पार डावीकडे, मग पार उजवीकडे ओढत मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. शेडबाळेबाईंनी वाकून चाकं पाहिली, ती काळीभोर होती. गौराबाईंचं डोकंही स्वच्छ होतं. पण अण्णांच्या डाव्या बाहीवर चुना लागला होता. लांब झालेले गुडघे समोर मावेनात, म्हणून गौराबाई आत सरकून बसल्या होत्या.

“इथं घासतंय,” बाई म्हणाल्या.

“सीट सरकवून देतो की,” दस्तगीर म्हणाला.

“राहू दे,” अण्णा म्हणाले.

“घासलं तर वाढ खुंटते, कोळेकर. तुम्हाला माहीत आहे.”

“खुंटू दे की बाई,” गौराबाई म्हणाल्या. “आमाला आता किती वाढायचंय?”

शेडबाळेबाईंनी गाडी पास केली. अण्णांनी बाही झटकली नाही. सांगोल्याला डाळिंबं भरायची होती, ऊन चढायला लागलं होतं, तेव्हा ते दोघं निघाले.