सिस्टरांचा पेशंट

आमच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये सगळे जण इंजिनाला हात लावल्यावर हात धुतात. कांबळे सिस्टर आधी धुतात. तेही कोपरापर्यंत, साबण लावून. मग ओले हात वर धरून स्कूटरजवळ येतात आणि विचारतात, "काय होतंय?"

हे त्या स्कूटरला विचारतात.

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढून रिटायर झालेल्या या बाई बेलवलीहून अंबरनाथला दुचाकी दुरुस्तीच्या कोर्सला येतात. मीही त्याच वर्गात आहे. एमआयडीसीतल्या माझ्या कंपनीने मला स्वेच्छेने निवृत्त केलं, आणि घरात बसून बायकोच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा काहीतरी शिकावं म्हणून मी नाव घातलं. कार्बोरेटर खोलून परत जोडला की माझ्याकडे एखादा तुकडा उरतोच. सर म्हणतात, "काका, तुम्ही फक्त बघा."

सिस्टरांचं तसं नाही. "हिस्टरी घ्या आधी, भाऊ. खाणंपिणं कसंय?" म्हणजे पेट्रोल किती पिते. ऑइल गळत असलं की, "जुलाब कधीपासून?" गाडीवालेही मुकाट उत्तरं देतात. उल्हासनगरचा एक सिंधी शेठ "दो हफ्ते से, सिस्टर," असं सांगून वर स्वतःचं बीपी तपासून घेऊन गेला.

एकदा त्यांनी मला घरी बोलावलं. मिस्टरांची स्कूटर ते गेल्यापासून बंद होती. "तिच्यासाठीच तर शिकतेय. एकदा चालू झालेली ऐकायचीय. एकटीने हात लावायचा धीर होत नाही, भाऊ." वर्गातली हुशार पोरं सोडून मलाच का, हे मी विचारलं नाही. कॉलर ताठ करून गेलो.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून नवा प्लग आणला होता. दोघांनी मिळून कार्बोरेटर साफ केला. किक मारली, आणि पहिल्याच किकला गाडी सुरू! मी शाबासकीसाठी वळलो. सिस्टरांचा चेहरा पडला होता.

"ही आमची नाही," त्या म्हणाल्या. "आमची अशी पटकन कधी सुरू झालीच नाही. खोकायची, बंद पडायची. फर्स्ट शिफ्टला जाताना हे खाली झटापट करायचे, मी वरून ओरडायचे. पहिल्यासारखी करता येईल का हो?"

बिघडवायची! आयुष्यात प्रथमच माझ्या अंगच्या गुणांना साजेसं काम मिळालं होतं. काजळी धरलेला जुना प्लग परत बसवला, कार्बोरेटरचा स्क्रू अंदाजाने पिळला. सिस्टर जिना चढून स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या.

किक मारली. गाडी खोकली आणि बंद पडली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मी घामाघूम झालो.

वरून आवाज आला, "अहो, आडवी करून मारा की जरा! रोज रोज काय सांगायचं तुम्हाला?"

मी मान वर केली नाही. स्कूटर कुशीवर आडवी केली, पेट्रोल खाली उतरू दिलं, पुन्हा उभी केली आणि किक मारली.