थांबवून दाखवा, साहेब

कासारवाडी स्टेशनाबाहेर, टांगा निघायच्या आतच टांगेवाल्याशी भांडणारा म्हातारा दिसला, तर ते आमचे साळवी मास्तर समजावेत. चाबूक वर गेला की हे त्याचं मनगट धरणार. "जोर हवा, झटका नको. वेग एकदम येत नसतो, तो वाढवावा लागतो." लांबून मास्तर येताना दिसले की टांगेवाले घोड्याला वैरण घालायला बसतात.

मास्तर मूळचे चिपळूणकडचे. शाळेत शास्त्र शिकवतात, चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. कुणी दार आपटलं तर बाहेर येऊन विचारतात, "एवढं त्वरण कशाला दिलंस त्याला?" कधी कुणाला घरात चहाला बोलावलं नाही. चाळीने त्यांना चिक्कू ठरवून टाकलं होतं. मीही त्या ठरावाच्या बाजूचा.

यंदा आमच्या कारखान्यात साहेबांनी ओतकामाचा माल वाहायच्या ढकलगाडीवर दुप्पट माल लादला. ढकलायला माणसं तीच दोन, पोचायची वेळही तीच. पहिल्याच आठवड्यात रहाटणीच्या गणपतच्या पायाचा अंगठा चाकाखाली गेला. आम्ही तिसरा माणूस मागितला. साहेब म्हणाले, गरज नाही. मी युनियनचं पत्रक लिहिलं: 'दुप्पट वजन, दुप्पट जुलूम!' मास्तरांनी ते वाचून नाक मुरडलं.

"जुलूम झाला हे कळलं. किती झाला ते सांग की. जोर तेवढाच आणि वजन दुप्पट, तर त्वरण निम्मं. गाडी वेग घ्यायला दुप्पट वेळ लावणार. थांबवतानाही तेच. पूर्वीइतक्याच वेगातली गाडी पूर्वीइतक्याच वेळात थांबवायची, तर जोर दुप्पट लागणार. तो काय साहेबाच्या बापाकडून आणायचा?"

मी पत्रक फाडलं आणि मास्तरांनाच साहेबांपुढे नेलं.

साहेब म्हणाले, "गाडी उत्तम चालते. मी काल स्वतः पाहिली."

"चालणारी गाडी कोणीही चालवील," मास्तर म्हणाले, "थांबवून दाखवा, साहेब."

साहेबांनी कोट काढला. सोबतीला हेडक्लार्क घेतला, म्हणजे माणसं दोनच झाली. मास्तरांनी जमिनीवर खडूची रेघ ओढली; गाडी तिच्या आत थांबवायची. गणपत म्हणाला, "साहेब, पाय सांभाळा. ती पायाचं ऐकत न्हाई."

पुष्कळ रेटारेटीनंतर गाडी हलली, मग चांगली पळाली. साहेबांच्या चेहऱ्यावर विजय दिसायला लागला. तेवढ्यात रेघ जवळ आली. दोघे मागे रेलले, बूट फरशीवर घासत गेले, आणि गाडी त्या दोघांना घेऊन रेघेपलीकडे निघून गेली. स्टोअरकीपरच्या टेबलाला धडकली तेव्हा कुठे थांबली. कुणी हसलं नाही. हसणं परवडण्यासारखं नव्हतं. गणपत तेवढा माझ्या कानाशी पुटपुटला, "कोट काढला ते बरं झालं राव."

सोमवारी गाडीवर तिसरा माणूस आला.

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन मास्तरांकडे गेलो. दार अर्धवट उघडं होतं. आत एक खाट होती, खाटेच्या पायांना लोखंडी चाकं ठोकलेली. खाटेवर माई, मास्तरांची बायको, डोळे मिटून पडलेली. माईंना मणक्याचं दुखणं होतं आणि त्या गेली कित्येक वर्षं उठलेल्या नव्हत्या, हे मला शेजारी राहून त्या दिवशी कळलं. मास्तर खाट खिडकीकडे नेत होते. खाट सरकते आहे हे नीट पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.

"झटका बसला की रात्रभर कळा येतात तिला," मास्तर हळूच म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी खांद्याला पुसला.

मी पेढे खाली ठेवले. "मी धरू?"

ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग बाजूला झाले. मी दम धरून खाट रेटली. गाड्या ढकलण्यात माझी हयात गेली होती, तरी इतका घाबरून मी कधी काही ढकललं नव्हतं.

माईंनी डोळे उघडले नाहीत. "आज कोण आहे हो? हात निराळा लागतोय."

"शेजारचा," मास्तर म्हणाले. "जमेल त्याला. रोज आला तर."